आत लई उकडतंय

"ह्या मोबाइलचं न् आत्यांचं एकच. एकदा आवडलं म्हनलं की रोज तेच वाढायचं," दैवशाला पुटपुटली. तिच्या समजुतीनं ती मनातल्या मनात बोलली होती. पण सासूबाई, सिताबाई, हातभर अंतरावर खाटेवर पडल्या होत्या, आणि ऑपरेशन त्यांच्या डोळ्याचं झालं होतं, कानाचं नव्हे.

"शेपू तुलाच आवडती म्हनून करत हुते म्या," खाटेवरून आवाज आला. "आन ते गानं बदल. सकाळपासनं तेच दळन चाललंय. न्हायतर म्या उठते. आत लई उकडतंय."

हे उकडणं सास्तूरच्या त्या घरात जुनं होतं. घर त्र्याण्णवनंतर बांधून मिळालेलं, चांगलं पक्कं. पण सिताबाई आतल्या खोलीत कधी झोपल्या नव्हत्या. खाट कायम दारात आणि दार कायम उघडं. त्यांना पौष महिन्यातही आत उकडायचं, आणि पौषात कसं काय उकडतं, हे घरात कोणी विचारायचं नाही. सासरे लिंबाजी तर थेट अंगणातच झोपायचे. गुरांवर लक्ष राहतं म्हणून. गुरं विकून कैक वर्षं झाली होती.

आता मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, की पट्टी निघेपर्यंत धूळ नको, ऊन नको, धावपळ नको; आतल्या खोलीत पडून राहायचं. डोळ्यात काही गेलं तर नजर जाईल. दुसरा डोळा आधीच अधू. दैवशालानं हात जोडले, रागावून पाहिलं, शेवटी उपाय सापडला तो गाण्याचा. गाणं चालू असेपर्यंत सिताबाई आत टिकायच्या. फक्त ते नवं हवं. ऐकलेलं गाणं पुन्हा लागलं की त्यांना उकडायला लागायचं.

लेक करिश्मा धाराशिवला कॉलेजात होती. तिनं फोनवर शिकवलं, "आई, ते 'नवीन शोधा' दाब. आवडलं तर बदाम दे. मग त्यो तुला तसलीच नवी गानी काढून देतोय."

दैवशालाला कोणाला नाही म्हणवत नसे. माणूस एवढा जीव तोडून गातोय, त्याला बदाम नाही द्यायचा म्हणजे काय? तिनं सगळ्यांनाच दिले. मग मोबाइल सुटलाच. ओव्यांवरून भारुडावर, तिथून कर्नाटकात, आणि कानडी भजनं संपली तसा तो थेट समुद्रापार गेला. सिताबाईंची तक्रार नव्हती. "ही बाई कोन्या गावची गं? एक शबूद कळंना, पर रडती झकास."

त्या दुपारी साठवलेली गाणी संपली. घरात रेंज नव्हती, म्हणून दैवशाला अंगणातल्या पाण्याच्या टाकीजवळ गेली. मोबाइलनं एक अगदी नवं काढून दिलं: मागं बर्फाचे डोंगर, पुढं केसाळ टोप्या घातलेली माणसं, आणि गाडीच्या चाकाएवढे ढोल. तिनं ते लावलं. माणसांची तोंडं हलत होती, पण आवाज येईना. तिनं तो वाढवला. मग पूर्ण वाढवला.

तेवढ्यात घरातून घुरघुर सुरू झाली.

खोल, जमिनीच्या पोटातून आल्यासारखी. ज्वारीच्या कोठीचं झाकण थरथरलं. मांडणीवरची ताटं एकमेकांवर किणकिणली. पडवीत सुपारी कातरणारे लिंबाजी अडकित्त्यासकट अंगणात आले, तेही एका उडीत. दैवशाला घराकडे धावली.

"आत्या! आत्या, भाईर या!"

आत्या येईनात. दैवशाला उंबऱ्याशी पोचली, तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या बाजूनं भिंत चाचपत येताना दिसल्या. दैवशालानं त्यांना बाहेर ओढून अंगणात बसवलं आणि आपला पदर त्यांच्या पट्टीवर धरला.

शेजारच्या मल्लम्मानं कुंपणावरून पाहिलं. पट्टी बांधलेली सिताबाई उन्हात, आणि घरात ताटं वाजतायत. तिनं काही विचारलं नाही. गॅस बंद केला, झोपलेली नात उचलली आणि बाहेर आली. मागून तिचा नवरा शिवप्पा गॅसची टाकीच घेऊन आला. त्यांना पाहून पलीकडचे आले, त्यांना पाहून अख्खी गल्ली.

"का ओ, समदे भाईर?" कोणीतरी विचारलं.

"काय न्हाय. ऊन बरं हाय," लिंबाजी म्हणाले. एप्रिल महिना होता.

"आन टाकी?"

"धुवायची हुती," शिवप्पा म्हणाला.

घरात घुरघुर चालूच होती. लिंबाजींनी लोहाऱ्याला कचेरीत असलेल्या धनाजीला, मुलाला, फोन लावला.

"धनाजी, तिकडं काय तसलं..."

"कसलं, दादा?"

"तसलं रे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग धनाजीचा, "सायेब, जरा भाईर येता का? हवा लई झ्याक सुटलीय." थोड्याच वेळात लोहाऱ्याची ती कचेरीही झाडाखाली हवा खात होती.

इकडे दैवशालाचा फोन वाजला. त्याच क्षणी घुरघुर थांबली. गल्लीनं श्वास सोडला.

"समदे भाईरच हायत न्हवं? आई? बरं," धनाजी म्हणाला. "आन ऐक, म्या नवा स्पीकर आनलाय. सकाळी तुझ्या मोबाइलला जोडून कोठीमागं चार्जिंगला लावलाय, बॅटरी भरली की आपसूक चालू हुतोय, सांगायचं ऱ्हायलं. त्यो पडला-बिडला न्हाय न्हवं?"

फोन ठेवला. घर पुन्हा घुरघुरलं. दैवशालानं मोबाइलकडे पाहिलं, बोट दाबलं. शांत. पुन्हा दाबलं. केसाळ टोप्यांनी तोंडं उघडली आणि कोठीचं झाकण थरथरलं.

गप्प बसावं, तर संध्याकाळपर्यंत गल्ली आपापल्या घरी गेली असती. पण आत्यांनी तो उंबरा जन्मात ओलांडला नसता, आणि वारा तर आत्ताच धूळ उडवत होता.

"गानं हुतं," ती म्हणाली. "माझ्या मोबाइलचं."

मल्लम्मानं कपाळावर हात मारला. "बया! तू बदाम देत बस, आन आमचा जीव जाऊ दे!" हसू फुटलं. लिंबाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले, फक्त पडवीत परत गेले नाहीत.

"शिवप्पा, धुऊन झाली का टाकी?"

माणसं पांगायला लागली. सिताबाई उठल्या नाहीत.

"चला आत्या. डोळ्यात धूळ जाईल."

"बसू दे. आत लई उकडतंय."

"आवं, स्पीकर हुता त्यो."

"व्हय, कळलं की."

दैवशाला त्यांच्याशेजारी टेकली. "मामा एका उडीत भाईर. तुमालाच कसा येळ लागला?"

"तुला हुडकत हुते सैपाकघरात," सिताबाई म्हणाल्या. "दिसनाशी झालीस."

दैवशालानं पदर पुन्हा पट्टीवर धरला. सिताबाईंनी तो मुठीत घट्ट पकडला.

"उकडत न्हाय गं मला," त्या म्हणाल्या. "भूकंपाचं भ्या वाटतंय. तवापासनं. रोज."

शिवप्पा टाकी खांद्यावर घेऊन दारात थांबला. मल्लम्मानं नात छातीशी धरली. कोणी हसलं नाही, कोणी आत गेलं नाही.

लिंबाजी रिकाम्या गोठ्याकडे बघत होते.

"मलाबी," ते म्हणाले. "गुरं कुठं हायत आता?"