बळकट नोट्रम्प

“एक नोट्रम्प.”

तो आवाज मालनबाईंच्या कानात अजून तसाच आहे. नवं लग्न, खोपोलीच्या कामगार वसाहतीतला ब्रिज क्लब, आणि टेबलापलीकडे भिडू म्हणून सखाराम. घरात हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरच बोलायचा. टेबलावर मात्र त्याची बोली म्हणजे सरळ कबुली असे: पत्ते चारही रंगांत विखुरलेत, हुकूम नको, आणि जोर बेताचा, बारा ते चौदा गुण. यालाच दुबळा नोट्रम्प म्हणतात. मालनबाई ते ऐकून आपले गुण त्यात मिळवत. त्यांच्या संसारातला खरा संवाद एवढाच, आणि तो त्यांना पुरला होता.

मग बऱ्याच वर्षांनी दशरथराव क्लबचे अध्यक्ष झाले. कळंबच्या एका रिसॉर्टवर ते आत्मविश्वासाचं शिबिर करून आले आणि आल्याआल्या परिपत्रक निघालं: ‘स्वतःच्या तोंडाने स्वतःस दुबळे म्हणवून घेणे क्लबच्या प्रतिमेस बाधक आहे. सोमवारपासून सर्व सभासदांचा नोट्रम्प बळकट, म्हणजे पंधरा ते सतरा गुणांचा, समजण्यात यावा.’

परिपत्रक पत्त्यांपर्यंत पोहोचलं नसावं. ते पूर्वीसारखेच येत राहिले. पंधरा गुण जमेनात, बोली लागेना, टेबलंच्या टेबलं मुकी बसली. तेव्हा उपसमितीने पत्त्यांचं पुनर्मूल्यांकन केलं. एक्का, राजा, राणी, गुलाम यांचे चार, तीन, दोन, एक गुण होतेच. आता दश्शीला प्रोत्साहनपर दोन आणि नव्वीला सहानुभूतीचा एक मिळाला. आठवड्याभरात सगळा क्लब बळकट झाला. दशरथरावांनी पेढे वाटले.

“आवं, पन पत्ते तर तेच हायेत ना?” मालनबाईंनी घरी विचारलं.

“तुला नाय कळायचं ते,” सखाराम म्हणाला. “छाती काढून बोलायचं आता.”

तो बोलूही लागला. मालनबाई त्याच्या तोंडाकडे बघत बसायच्या. बारा की पंधरा, खरं की छाती, काही उमजेना. इतक्या वर्षांचा तो एकच बोलका धागा, तोही हातातून सुटत चालला होता.

रसायनीच्या क्लबाशी सामना लागला. “एक नोट्रम्प,” सखाराम गरजला. मालनबाईंनी आपले गुण नव्या नियमाने मोजले, दहा भरले. “तीन नोट्रम्प.” म्हणजे तेरापैकी नऊ हात करायचे होते, झाले चार. प्रत्येक डावात हेच. रसायनीच्या वनिताताई पत्ते गोळा करत म्हणाल्या, “बाई, तुमच्यात जोर लय हाय गं. हात तेवढे आमाला पडले.”

पराभवाच्या आढावा बैठकीत दशरथराव उभे राहिले. “आपण तत्त्वतः जिंकलो आहोत. निकालात तांत्रिक तफावत आहे. कारण एकच, बळ कमी पडलं. तेव्हा अठ्ठीलाही एक गुण द्यावा असा ठराव मांडतो. तरी कुणाचे पत्ते खरोखरच कमजोर होते, असं वाटत असेल, तर त्याने हात वर करावा.”

एकही हात वर झाला नाही. तुमचाही झाला नसता. परवाच कुणी “कसं काय?” विचारलं, तेव्हा तुम्ही “एकदम झकास” म्हणालात.

ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजत होत्या, त्यांच्या आडोशाने सखाराम मालनबाईंकडे वाकला. आवाज अगदी लहान होता.

“मालन, पयल्या डावाला माज्याकडं जुन्या हिशोबानं नऊच व्हते गं.”

मालनबाईंनी टाळ्या थांबवल्या.

“माजे पाच,” त्या म्हणाल्या.