तीनशे माणसांची मय्यत

फजल परकार आयर्लंडला गेला तो एका शवपेटीबरोबर. दोह्याच्या तेल कंपनीत तो माल रवाना करणारा कारकून. ड्रिलिंगचा फोरमन बर्क हृदय बंद पडून गेला आणि त्याला त्याच्या आयर्लंडमधल्या गावी पुरायचं ठरलं. नाताळ तोंडावर आलेला, गोरे साहेब सुट्टीवर निघालेले. पेटीबरोबर पाठवायचं कुणाला? कंपनीचा नियम असा की, पाठवलेल्या प्रत्येक नगाच्या पोचपावतीवर सही हवी. आणि सह्या मिळवण्यात फजलचा हात धरणारा कुणी नव्हता. मग काय, पावतीपुस्तक आणि उसना ओव्हरकोट देऊन त्याला विमानात बसवलं.

अठरा दिवसांनी तो दोह्यातल्या नजमा वस्तीतल्या खोलीवर परतला. ट्रंक खाली ठेवतो न ठेवतो तोच त्याच्याच गावचा, खोलीतला वडीलधारा जहूरभाय विचारता झाला, "मय्यतीला मानसा किती होती रे?"

रत्नागिरीकडे या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर असतं. मेलेला माणूस कितीही खडूस असो, मय्यतीला पाय ठेवायला जागा नव्हती असंच सांगायचं. माणूस गेल्यावर त्याची तेवढी तरी लाज राखायची.

खरं सांगायचं तर माणसं चार होती. एक पाद्री, एक खड्डा खणणारा, एक टॅक्सीवाला आणि चौथा फजल. खांदा द्यायला माणूस कमी पडत होता म्हणून त्याला पावतीपुस्तक पाद्र्याकडे द्यावं लागलं. बर्कची एकुलती बहीण अमेरिकेला गेलेली, पत्ता कुणाला ठाऊक नाही. शेवटी पोचपावतीवर पाद्र्यानेच सही केली. मग वादळाने रस्ते बंद झाले आणि फजलने अकरा दिवस एका खाणावळीत उकडलेले बटाटे खात, खिडकीतून पाऊस बघत काढले. जन्मात इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"तीनशे," फजल म्हणाला.

"तीनशे! या अल्ला!"

"मी सोता मोजली."

दुसऱ्या दिवशी गोदामात बर्कच्या हाताखालचे आयरिश ड्रिलर आले. तीनशे ऐकून त्या आडदांड गड्यांचे डोळे भरले. मग एकाने विचारलं, "आणि तुझी व्यवस्था कशी ठेवली आमच्या लोकांनी?" आता आली का पंचाईत! तीनशे माणसांच्या गावाने पाहुण्याला खाणावळीत कुजत ठेवलं, असं कसं सांगणार? म्हणून फजलने घोड्यांच्या शर्यती पाहिल्या. शर्यती पाहिल्या म्हणून नाटकही पाहावं लागलं. नाटकानंतर गाण्याची बैठक आलीच.

"तिकडे पाऊस पडत नाही, तो तिथे राहायलाच आहे," तो म्हणाला. "रस्ता विचारला तर आधी त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची सात पिढ्यांची हकीगत सांगतात. घोडा हरला तर त्याला थोपटतात, जिंकला तर त्याच्यावर संशय घेतात." हे सगळं मढ्यासारख्या चेहऱ्याने सांगितल्यामुळे लोक पोट धरधरून हसले. कुणीतरी ते टाइप केलं आणि कंपनीच्या मासिकात फोटोसकट छापून आलं.

फजललाही मनातून गुदगुल्या झाल्या. त्या महिनाभरच टिकल्या.

मार्चच्या बोटीने तो घरी जाणार होता. घर सोडून तीन वर्षं झाली होती. त्याची मुलगी मुनीरा तो इकडे आल्यावर जन्मली; ती फोटोला बाबा म्हणते, असं त्याच्या बायकोने, तय्यबाने, पत्रात लिहिलं होतं. रजेच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला तो ऑफिसात गेला, तर शफीक हेडक्लार्क मासिक उघडूनच बसला होता.

"कॉन्ट्रॅक्टमध्ये रजेवर दोह्याबाहेर हवापालट एकदाच," शफीक म्हणाला. "शर्यती, नाटकं, गाणी. झाली ना तुझी? खलास. आता पुढच्या कॉन्ट्रॅक्टात."

"शफीकभाय, तसा काय नव्हता ओ."

"मग खोटं छापलंय? मॅनेजरसाहेबांना सांग. ते म्हणाले तर देतो."

मॅनेजर लिंच बर्कच्याच गावचा. वीस वर्षं दोघांनी वाळवंटात एकत्र काढलेली. फजल दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन खोलीवर परत आला. जहूरभायने त्याला अक्षरशः ढकललं. "जा, खरा काय ता सांग! तुजी पोर तुना वळखत नाय आणि तू त्या मेलेल्याची लाज राखतंस!"

"साहेब, शर्यती मी पाहिल्या नाहीत," आत जाऊन फजल एका दमात म्हणाला.

"माहीत आहे," लिंच हसला. "आमच्या गावाला शर्यतीचं मैदानच नाही. नाटकही नसेल. ते जाऊ दे." मग त्याचा आवाज उतरला. "पण माणसं आली होती ना? बर्क नेहमी म्हणायचा, माझ्यामागे कुत्रंसुद्धा येणार नाही. इतकी वर्षं बाहेर राहिलं की गाव विसरतं."

चार हा आकडा फजलच्या जिभेवर तयार होता. तो उच्चारला की मासिकातलं सगळं खोटं ठरून रजा मिळणार होती. पण टेबलावर गोळ्यांची बाटली होती आणि तिचं झाकण साहेबाला लागता लागत नव्हतं. फजलला त्या म्हाताऱ्याची फार कीव आली.

"आली होती, साहेब. तीनशे."

लिंचने नाक शिंकरलं. "आणि माझ्या वेळी?"

"चारशे," फजल म्हणून गेला.

साहेबाने कागद ओढला, भराभर लिहिलं, सही ठोकली. रजा! फजलने तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि न वाचताच धावत शफीककडे नेला. शफीकने तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"साहेबांच्या पेटीबरोबर तूच जायचंस, असं लिहिलंय. डॉक्टर सहा महिने म्हणतात, सहा वर्षंही म्हणतात. तोवर तू दोहा सोडायचं नाहीस."

संध्याकाळी जहूरभायने विचारलं, "सुटी गावली?"

"साहेब जगतो तवर नाय."

जुम्याच्या नमाजानंतर फजलने दुवेसाठी हात वर केले. शेजारचे लोक दुवा मागून उठले, चपला घालून निघूनही गेले. फजल हात पसरून तसाच बसून राहिला. काय मागावं तेच त्याला कळेना.