अक्षराचा खुलासा

माणूस चुकतो, यंत्रही चुकतं. माहितीपुस्तिका मात्र कधीच चुकत नाही. ती फार तर अस्पष्ट असते, आणि अस्पष्टतेवर खुलासा हाच सभ्य उपाय आहे. (दुरुस्तीही करता येते, पण तिची इतिवृत्तात नोंद होत नाही.)

सात रस्त्याजवळच्या एका लहानशा कंपनीत भार्गवी अशा पुस्तिका लिहायची. कंपनीचं 'नामकातर' नावाचं एक साधन होतं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की ते यादीतली नावं रकान्यात बसतील एवढी कापून देई. पुस्तिकेत लिहिलं होतं : 'नाव चोवीस अक्षरांपर्यंत चालेल.' चाचणी कचेरीतल्या सर्वांच्या नावांवर झाली होती. भार्गवी, अनीश, शरणबसव. सगळे बसले. यश शंभर टक्के.

एके दिवशी अकलूजहून शिवबाई आल्या, मुलीचा दंड धरून.

"ही राजेश्वरी. नर्सिंगला नंबर लागलाय. तुमच्या मशिनीनं केलेल्या वसतिगृहाच्या यादीत हिचं राजेश्वर झालंय, आन् हिला पोरांच्या इमारतीत खाट दिलीय. पोरगी हाय की ही!"

भार्गवीने मुलीकडे पाहिलं. मुलगी होती. यादीकडे पाहिलं. मुलगा होता.

साधनाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या शरणबसवने कारण सांगितलं. साधन अक्षरं मोजत नव्हतं, बाइट, म्हणजे संगणकातली जागा, मोजत होतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूणसुद्धा. 'राजेश्वरी'ची चिन्हं नऊ, बाइट सत्तावीस. चोवीसवर कातर चालली आणि शेवटची वेलांटी गेली.

कंपनीचे प्रमुख अनीश सरांनी तत्काळ समिती नेमली; विषय, पुस्तिकेतील 'अक्षर' या शब्दाचा खुलासा. एका सदस्याने 'राजेश्वरी'त चार अक्षरं मोजली, दुसऱ्याने पाच, आणि सल्लागारांनी "मोजणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून आहे" असं मत दिलं. (मानधनासह.) आठ बैठका झाल्या. तोवर राजेश्वरी मावशीकडे, स्वयंपाकघरात झोपत होती आणि सकाळच्या तासाला रोज उशिरा पोचत होती.

एकेचाळिसाव्या दिवशी खुलासा मंजूर झाला. तीन पानं. सार एवढंच की नाव आठ चिन्हांत बसवावं; न बसल्यास पालकांनी विचार करावा.

तो वाचून दाखवायचं काम भार्गवीकडे आलं. शिवबाईंनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजी नाव बदलू व्हय? बाई, नाव मी ठेवलंय. तुमच्या मशिनीला पेलंना, तर मशीन बदला की."

असा मुद्दा आठही बैठकांत कुणी मांडला नव्हता. भार्गवीने खुलासा मिटला. ती उठून शरणबसवच्या टेबलाशी गेली.

"चोवीसचे दोनशे चाळीस करायला किती वेळ लागेल?"

"चार मिनिटं."

"मग इतके दिवस का नाही केलंस?"

"मला कुणी विचारलंच न्हाय की. मी खुलाशाची वाट बघत होतो."

चार मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत नवी यादी गेली, आणि राजेश्वरी मुलींच्या इमारतीत खिडकीजवळच्या खाटेवर सामान लावायला लागली. समितीला कुणी कळवलं नाही. तिचा उत्साह मोडला असता.

खुलासा मात्र संकेतस्थळावर तसाच राहिला, कारण तो मंजूर होता. भार्गवीने त्याच्या तिसऱ्या पानावर गुपचूप एक वाक्य घातलं : 'इथपर्यंत वाचणाऱ्याने कचेरीत फोन करावा, चहा आमच्याकडून.' खाली नेहमीची चौकट : 'मी वरील सर्व वाचले असून मला ते समजले आहे.'

आजवर अकरा हजार चारशे सहा जणांनी त्या चौकटीत खूण केली आहे. वाचनाचा सरासरी वेळ दोन सेकंद. फोन एकही नाही.

आपल्याला आठवत नसेल, पण त्यातली एक खूण आपली आहे.