बस दोन मिनिटांत येत आहे

शहर परिवहन सेवेचे प्रवासी समाधान अधिकारी कडक इस्त्रीचा कोट चढवून घराबाहेर आले, तेव्हा त्यांना न्यायला गाडी आलेली नव्हती. ही बाब त्यांनी गांभीर्याने घेतली. फोनवर वाहन विभागाने नम्र खुलासा केला, की आज ‘बसने चला’ सप्ताहाचा समारोप असल्यामुळे खात्याच्या झाडून सगळ्या गाड्या पाहुण्यांना सभागृहात आणण्याच्या कामी लागल्या आहेत.

त्या समारोपात सत्कार या साहेबांचाच होता. नुसतं मानचिन्ह असतं तर ते उद्या टेबलावर आपोआप आलं असतं. पण महाव्यवस्थापक व्यासपीठावर त्यांच्या हातात बढतीचा आदेश ठेवणार होते आणि आदेशाच्या तळाशी एक ओळ होती: सत्कारमूर्ती अनुपस्थित राहिल्यास बढती ज्येष्ठतेनुसार पुढील अधिकाऱ्यास देण्यात यावी. पुढील अधिकारी म्हणजे देखभालवाले. ते एव्हाना पहिल्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर, उठायला सोपं पडेल असे बसले असणार याबद्दल साहेबांना तिळमात्र शंका नव्हती.

“रिक्षा करा की सरळ,” बायको दारातून म्हणाली.

“अगं, ‘बसने चला’ सप्ताह आहे. फोटो काढतात लोक. स्टॉप काय, कोपऱ्यावरच तर आहे.”

“मग चालत जा. अर्ध्या तासाचा तर रस्ता.”

“या कोटात?” साहेब म्हणाले आणि स्टॉपकडे निघाले.

कोपऱ्यावर त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी खांबाला लटकत होती. विजेचा फलक, त्यावर तांबडी अक्षरं: बस २ मिनिटांत येत आहे.

या फलकाला इतिहास होता. बस वेळेवर येत नाहीत अशा तक्रारींचा ढीग छताला लागला, तेव्हा खात्याने समिती नेमली. बस वाढवाव्यात, चालक भरावेत, असले भाबडे उपाय समितीने पहिल्याच बैठकीत चहाबरोबर निकालात काढले. लोकांचा राग बस उशिरा येण्यावर नसून ती कधी येणार हे न कळण्यावर आहे, असा निष्कर्ष निघाला. मग खरी वेळ सांगणारे फलक लागले. त्यांवर ‘५५ मिनिटे’ असे खरेखुरे आकडे झळकू लागताच तक्रारी दसपट झाल्या आणि दोन-तीन फलकांच्या काचा फुटल्या. सत्य प्रवाशांच्या प्रकृतीला मानवत नाही, अशी नोंद समितीने इतिवृत्तात केली.

तोडगा साहेबांना सुचला, तोही घरगुती वाटेने. एका संध्याकाळी ते कार्यालयात पाय पसरून गप्पा मारत असताना बायकोचा फोन आला, कुठवर आलात? “हा काय, दोन मिनिटांत पोचतो,” साहेब सवयीने म्हणाले आणि तासाभराने घरी गेले. बायको ताटं मांडून शांत बसली होती. साहेबांचा घास हातातच राहिला. पुढच्याच आठवड्यात शहरातल्या एकूण एक फलकांचा बसशी असलेला संबंध तोडण्यात आला.

तक्रारी थांबल्या. लोक मान वर करायचे, खाली घालायचे, पुन्हा वर करायचे, पण उभे राहायचे. मग हिशेब विभागाने एक रास्त शंका काढली. समाधान जर फलकानेच होतंय, तर डिझेल कशाला जाळायचं? तर्क बिनतोड होता. ज्या मार्गांवर समाधान पूर्ण झालेलं दिसलं, त्या मार्गांवरच्या बस काढून घेण्यात आल्या. सगळ्या आदेशांवर साहेबांची झोकदार सही होती.

तर स्टॉपवर ड्यूटीला निघालेली एक नर्स उभी होती आणि बाकावर एक आजोबा बसले होते.

“बराच वेळ झाला का?” साहेबांनी विचारलं.

“आता येईलच,” आजोबांनी वर बोट केलं. “दोन मिनिटं म्हणतोय.”

साहेबांना मनातल्या मनात हसू फुटलं. बिचारे! तेवढ्यात एक रिकामी रिक्षा समोर येऊन थांबली.

“येताय का, साहेब?”

साहेबांनी तोंड उघडलं, पण नजर वर गेली. “नको,” ते म्हणाले. “बस येतेय.”

रिक्षा गेली तसे ते स्वतःच चकित झाले. फलकात काही राम नाही, हे शहरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण अक्षरं कशी ठसठशीत होती! आणि समजा, खरंच आली असती तर? रिक्षात बसून आपणच मूर्ख ठरलो असतो.

बराच वेळ गेला तशी नर्सने पर्स खांद्याला अडकवली. “मी आपली चालत निघते. रोजचंच झालंय हे. या कोटात म्हणजे समारोपालाच निघालात ना, सभागृहाकडे? वाटेवरच आहे, चला.”

“बाई, एवढा वेळ थांबलो आणि आता दोन मिनिटांसाठी जायचं?”

“आपण गेलो की नेमकी येते ती,” आजोबांनी दुजोरा दिला. साहेबांना आजोबा फार समंजस वाटले.

सभागृहातून त्यांच्या सहायकाचा फोन आला. “साहेब, आहात कुठे? महाव्यवस्थापकांचं भाषण संपत आलं. देखभालवाले दोनदा अर्धे उठून बसले!”

“मी बसस्टॉपवर आहे. घराजवळच्या.”

सहायकाने आवाज खाली आणला. “साहेब, ती बस गेल्या महिन्यात बंद झाली. तुमच्याच सहीने.”

“ते मला माहीत नाही का?” साहेब उखडले. “पण इथे दोन मिनिटं दाखवतंय ना!”

“मग इथे काय सांगू?”

“सांग, दोन मिनिटांत पोचतो.”

निवेदिकेने ते ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं आणि अख्खं सभागृह निवांत झालं. उठलेले लोक बसले, महाव्यवस्थापक पुन्हा खुर्चीत टेकले. पुष्कळ वेळाने त्यांना दुसऱ्या बैठकीचं बोलावणं आलं, तेव्हा कुठे देखभालवाल्यांचं नशीब उघडलं.

“साहेब, संपलं सगळं,” सहायक फोनवर हळूच म्हणाला. “आदेश त्यांना दिला. आता नका येऊ.”

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं खुर्ची झिजवली ती याचसाठी का? घर हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी जड मनाने पाऊल उचललं, सवयीने वर पाहिलं आणि पाऊल होतं तिथेच परत ठेवलं. आजोबांनी बाकावर सरकून जागा केली.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. “झाला का सत्कार? जेवायला कधी येताय?”

“हा काय,” साहेब फलकावरची नजर न काढता म्हणाले, “दोन मिनिटांत.”

हसा, खुशाल हसा. पण ही गोष्ट वाचायला घेताना तुम्हीही कोणाला तरी ‘निघालोच, दोन मिनिटांत पोचतो’ असं सांगितलं होतं. तिकडे ते माणूस अजून ताट मांडून बसलंय.