ठकूच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही

दुर्बिणीला स्वतंत्र खोली होती. ठकूला नव्हती.

ठकू नुकतीच आधाराशिवाय बसायला लागली होती आणि स्वयंपाकघरामागच्या बोळात, वॉशिंग मशीनच्या शेजारी झोपत होती. मशीन कपडे पिळायला लागलं की तिची कॉट थरथरत थरथरत दाराकडे निघायची आणि ठकूची आई हातातलं टाकून ती अडवायला धावायची. दुर्बीण मात्र घरातल्या एकुलत्या एका जास्तीच्या खोलीत, खिडक्या बंद करून, अंगावर मऊ चादर घेऊन तिपाईवर ताठ उभी असायची. तिला धूळ चालत नव्हती, दमट हवा चालत नव्हती, शेजारून कुणी जोरात चाललेलंही चालत नव्हतं.

"आणि ठकूला चालतं?" आईनं एकदा विचारलं.

"अगं, ठकूला भिंगं नाहीयेत."

"आहेत. दोन आहेत. डोळ्यांत."

ठकूच्या बाबांनी दुर्बिणीवरची चादर नीट केली. ते दिवसा विम्याच्या कचेरीत बसत आणि रात्री मागच्या अंगणात. तिथल्या फरशीवर त्यांनी तिपाईच्या तीन पायांसाठी तीन पांढरे ठिपके रंगवले होते, आणि त्या ठिपक्यांवर कपड्यांची बादली ठेवली तर घरात दोन दिवस अबोला होत असे.

शेवटी तडजोड ठरली. देवयानीचा एक नीट फोटो झाला की दुर्बीण अंगणाच्या कोपऱ्यातल्या शेडमध्ये जाणार आणि खोली ठकूची होणार. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारची दीर्घिका. नुसत्या डोळ्यांना ती पुसट डागासारखी दिसते, कधी कधी तेवढीही नाही. तिचा एकच फोटो काढून भागत नाही. दोन-दोन मिनिटांचे ढीगभर फोटो काढायचे आणि मग ते कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठे त्या डागाला आकार येतो.

"मग आत्ताच हलव ना शेडमध्ये. फोटो काय, तिथून आणूनही काढता येईल," आई म्हणाली होती.

"शेडमधल्या धुळीचा आणि दमटपणाचा बंदोबस्त करायलाच महिना जाईल. आधी फोटो होऊ दे. या आठवड्यात चंद्र नाही, आकाश स्वच्छ आहे. पुढच्या आठवड्यात चंद्र येईल, मग ढगांचे दिवस सुरू. या आठवड्यात झाला तर झाला."

"नाही झाला तर?"

"मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी ठकू चालायला लागलेली असणार होती. म्हणजे कॉट दाराकडे जाणार आणि ठकू मशीनकडे. आईच्या डोळ्यांपुढे ते चित्र रोज रात्री येई, आणि प्रत्येक वेळी मशीनचं झाकण उघडं असे.

फोटोच्या आड एकच गोष्ट येत होती. मागच्या घरातले हेडमास्तर. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण शाळा अजून सुटली नव्हती. त्यांच्या अंगणातून कुणीतरी फुलांच्या कुंड्या उचलून नेल्या, तेव्हा त्यांनी छपराखाली एक हॅलोजन बसवला. तो अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत जळायचा. देवयानी नेमकी त्यांच्याच छपरावरून वर यायची आणि त्या पांढऱ्या झगझगाटात विरघळून जायची.

ठकूचे बाबा एकदा त्यांना भेटायला गेले होते. "काका, आठ ते दहा एवढाच वेळ बंद ठेवलात तर बरं होईल. आकाशाचे फोटो काढायचेत."

"आकाश कुठे पळून जातंय का?" हेडमास्तर म्हणाले. "कुंड्या जातात."

विषय तिथेच संपला होता.

मंगळवारी सकाळी ठकूची आई कुंपणापाशी दुपटी वाळत घालत होती. कडेवर ठकू. पलीकडून हेडमास्तर डोकावले. "काय म्हणतंय बाळ? रात्री झोपतं का?"

साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण रात्रभर ते उघडं झाकण डोळ्यांपुढे येऊन आईचं डोकं जड झालेलं, आणि तोंडातून निघून गेलं, "नाही ना काका. तिच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. तुमच्या दिव्याचा फार त्रास होतो हो तिला."

बोलून झाल्यावर तिचा तिलाच धक्का बसला. ठकू भर उन्हात टक्क डोळे उघडून हेडमास्तरांच्या टकलाकडे कौतुकानं बघत होती.

"अरेरे," हेडमास्तर म्हणाले. "आधी नाही का सांगायचंस, पोरी?"

त्या संध्याकाळी हॅलोजन लागला नाही.

ठकूच्या बाबांचा विश्वासच बसेना. "काय सांगितलंस तू त्यांना?"

"सांगितलं काहीतरी. तू फोटो काढ."

त्यांनी दुर्बीण बाहेर आणली, पाय ठिपक्यांवर टेकवले, ध्रुवताऱ्याकडे बघून रोख जुळवला. भिंगावर दंव धरू नये म्हणून बायकोचा हेअर ड्रायर खुर्चीवर तयार ठेवला. पहिला फोटो सुरू झाला आणि दोघंही श्वास रोखून उभी राहिली. तेवढ्यात मागच्या फाटकातून झगझगीत टॉर्च आत आला. थेट दुर्बिणीच्या तोंडात.

"अगं बाई, केवढा हा अंधार!" हेडमास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात झाकलेलं भांडं होतं. "हे म्हणाले, बाळाचं असं असं आहे. गाजराचं सूप आणलंय. डोळ्यांना चांगलं. बाळाला नाही चाललं तर तू पी, तुझ्यातून जाईल तिला."

"काकू, कशाला त्रास घेतलात?" आई म्हणाली.

"त्रास कसला? दिवा नाही म्हणून टॉर्च आणला, एवढंच."

त्या दिवशी त्यांनी जाता-येता तीन वेळा टॉर्च फिरवला. भांडं न्यायचं राहिलं म्हणून चौथ्यांदा.

बुधवारी बातमी शेजारच्या शिंपीणकाकूंपर्यंत पोचली. त्यांच्या दुकानाची मोठी खिडकी अंगणाच्या बाजूला उघडायची. त्यांनी संध्याकाळचं शिवणकाम बंद केलं आणि ते दुपारी सुरू केलं, ठकूच्या झोपेच्या वेळी. मशीनच्या घरघरीनं ठकू दुपारभर जागी राहिली आणि संध्याकाळी नरडं फाटेस्तोवर रडली. ते ऐकून शिंपीणकाकूंचा जीव कळवळला. काळ्या कापडाचा गठ्ठा काखेत, टेप गळ्यात आणि टॉर्च हातात धरून त्या अंगणात आल्या.

"खिडक्यांची मापं घेते. जाड पडदे शिवून देते, पैसे-बिसे काही नको. अरे देवा, हे तिपाईसारखं काय आहे? लागलं ना गुडघ्याला!"

दुर्बीण जागची हलली. ठकूच्या बाबांच्या घशातून असा आवाज निघाला, की ठकूसुद्धा रडायची थांबली.

गुरुवारी हेडमास्तरांनी सगळी गल्लीच हातात घेतली. गाड्यांचे दिवे बाळाच्या डोळ्यांवर पडतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते कोपऱ्यावर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला टॉर्च हलवून थांबवू लागले. "दिवे मंद करा! लहान मूल आजारी आहे!" टॉर्च असा जोरात फिरायचा, की झाडांचे शेंडे उजळून निघायचे. त्या रात्रीचे फोटो बाबांनी कॉम्प्युटरवर एकावर एक रचले, तेव्हा देवयानीच्या जागी कुणीतरी खडूनं रेघोट्या ओढून पुसल्यासारखं काहीतरी दिसलं.

"त्या हॅलोजनमध्ये याच्यापेक्षा बरे येत होते," बाबा डोकं धरून म्हणाले.

पण आईचं लक्ष फोटोंकडे नव्हतं. तिला दुसरीच काळजी लागली होती. आपण बोललो ते खरं असलं तर? ती एकेका खोलीत जाऊन दिवा लावायची आणि ठकूचा चेहरा बघायची. ठकू डोळे बारीक करायची. मग मोबाइलचा टॉर्च लावून बघायची. ठकू डोळे गच्च मिटायची. बाबांनी तिला न्हाणीघरात दुर्बिणीच्या कामाचा लाल दिवा घेऊन ठकूच्या नाकासमोर धरताना पकडलं.

"हे काय चाललंय?"

"बघ ना, मिटतेय."

"कोणीही मिटेल! मी मिटलेत बघ!"

तरी शुक्रवारी सकाळी ती ठकूला घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलीच. त्यांनी ठकूचे डोळे नीट तपासले, तिच्यापुढे खुळखुळा इकडून तिकडे फिरवला, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"डोळे उत्तम आहेत. उजेड सोसत नाही असं कोण म्हणालं?"

"मी," आई म्हणाली. आणि मग घाईघाईनं, "म्हणजे, टॉर्च मारला की मिटते."

"दिवसातून किती वेळा मारता?"

आईनं खरा आकडा सांगितला नाही. अर्धाच सांगितला, तरी डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"बाळ ठीक आहे. तुम्ही जरा झोपा."

घरी येताना तिला हेडमास्तर दिसले. लंगडत होते. अंधारात अंगणाच्या पायरीवर पाय मुरगळला होता. त्यांनी तिला बघून हात हलवला, "बाळ बरं आहे ना?" असं लांबूनच विचारलं, आणि आईला रस्त्याच्या कडेला बसून रडावंसं वाटलं.

"मी जाऊन खरं सांगणार," घरात शिरल्या शिरल्या ती म्हणाली.

"आज शुक्रवार आहे!" बाबा कळवळून म्हणाले. "फक्त रविवारपर्यंत थांब. दोनच रात्री उरल्यात."

"त्यांचा पाय सुजलाय. तिकडे शिंपीणकाकूंचे पडदे तयार झाले असतील. काकूंचं सूप तर रोज येतंय. मला नाही जमत."

"अगं, पण ठकूची खोली?"

ती थांबली. क्षणभरच. मग तिनं ठकूला कडेवर घेतलं आणि मागच्या फाटकातून बाहेर पडली.

हेडमास्तर अंगणात एकटेच होते. सुजलेला पाय स्टुलावर ठेवून झारीनं कुंड्यांना पाणी घालत होते. घरातून हेडमास्तरीणबाईंचा भांड्यांशी चाललेला संवाद ऐकू येत होता.

"काका," आई म्हणाली, "मी आज डॉक्टरांकडे गेले होते. ठकूला काहीही झालेलं—"

"हळू!" हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले आणि दाराकडे बघितलं. "हळू बोल, पोरी."

"नाही, पण तिच्या डोळ्यांना—"

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, मी चाळीस वर्षं मुलं बघितलीत. मंगळवारी ती उन्हात माझ्या टकलाकडे कशी बघत होती, ते मला दिसलं नाही का?"

आईला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. "मग तुम्ही दिवा का बंद केलात?"

हेडमास्तरांनी झारी खाली ठेवली. पुन्हा एकदा दाराकडे बघून ते पुढे झुकले. "तो दिवा आमच्या झोपायच्या खोलीत पडतो. थेट माझ्या तोंडावर. ही पहिल्या दिवसापासून म्हणत होती, 'अहो, इथे नका बसवू.' मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. आता सांग, काढणार कसा? मी तीन महिने डोक्यावर उशी घेऊन झोपतोय."

"आणि कुंड्या?"

"दिवा लावल्यावर आणखी दोन गेल्या. चोराला नीट निवडून घेता आल्या. हिला मी सांगितलं, भाच्याला दिल्या म्हणून." ते ठकूकडे बघून कधी नव्हे ते हसले. "ही देवासारखी धावून आली. या आठवड्यात मी जन्मात झोपलो नसेन असा झोपलोय."

"पण काका, तुम्ही गल्लीत उभे राहून गाड्या थांबवत होतात!"

"आमच्या हिला संशय यायला नको म्हणून. एवढं मोठं नाटक उभं केलं, ते अर्धवट कसं सोडणार?" मग त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला. वर्गात कधीच लागला नसेल असा. "डॉक्टरांचं कुणाला बोलू नकोस. बाळाचं हे दुखणं साधारण शाळेत जाईपर्यंत टिकतं, असं मी हिला सांगून ठेवलंय."

ठकूच्या आईनं मागे वळून आपल्या अंगणातल्या तीन पांढऱ्या ठिपक्यांकडे बघितलं. ती काळजी करणारी बाई होती, पण बुद्धीनं काही कमी नव्हती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण काका, उजेड म्हणजे टॉर्चसुद्धा. गल्लीत कुणाचाही टॉर्च नको. काकूंचा तर नकोच."

"एकही लागणार नाही," हेडमास्तर म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

त्या रात्री अंगण इतकं काळं होतं, की ठकूच्या बाबांना स्वतःचा हात दिसेना. हेडमास्तरांच्या छपरावरून देवयानी वर आली. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. शनिवारीही तसंच. रविवारी सकाळी बाबांनी सगळे फोटो एकावर एक रचले आणि बायकोला हाक मारली.

पडद्यावर एक तिरकी, धूसर तबकडी होती. मधोमध उबदार पिवळा उजेड, भोवती धुळीच्या काळ्या कडा, आणि काठावर इतका मऊ निळा रंग, की ठकूनं हात पुढे करून पडदाच चाटायचा प्रयत्न केला. आईनं तिला मागे ओढलं, पण तिचीही नजर हलेना.

"सुंदर आलाय रे," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

"आलाय ना?" बाबांचे डोळे चमकत होते. "आणि हेडमास्तर म्हणाले, आता दिवा ठकू शाळेत जाईपर्यंत बंद! कळतंय का तुला? एवढा अंधार आख्ख्या शहरात कुणाकडे नसेल. आता मृगातला तेजोमेघ घेता येईल, कृत्तिका घेता येतील. मी काय म्हणतो, एवढं सगळं जुळून आलंय, तर दुर्बीण आत्ताच कशाला हलवायची? हे वर्षभर राहू दे खोलीतच."

बोळात वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं. कॉट थरथरत दाराकडे निघाल्याचा आवाज आला. या वेळी आई उठली नाही. तिनं ठकूला मांडीवर नीट बसवलं, तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि बारकाईनं बघितलं.

"मला ना," ती अगदी सहज म्हणाली, "ठकूचे डोळे आज बरेच बरे वाटताहेत. काकूंना सांगून येऊ का?"

ठकूचे बाबा खुर्चीतून उठले, खोलीत गेले आणि दोन्ही हातांनी तिपाई उचलून बाहेर आले.

"शेडची किल्ली कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं.