घामाघूम चेहऱ्याचा पुरावा

नवरा बाथरूममधून बाहेर आला की बाईंची नजर आधी त्याच्या कपाळावर जायची. हल्ली तिथे घाम असायचा, चेहरा पांढराफटक, आणि एक हात छातीवर. शाळेत परीक्षांवर देखरेख करण्यात बाईंचा जन्म गेला होता. पेपर सोडून मध्येच बाहेर जाऊन, असा चेहरा घेऊन परतणारी मुलं त्यांनी ढिगाने पाहिली होती. प्रत्येकाच्या मोज्यातून काही ना काही निघालंच होतं.

"कुणाशी बोलत होतात आत?"

"आत कोण असणार? नळ आणि मी."

"मग छाती का धडधडतेय?"

"तू दाराबाहेर उभी असतेस म्हणून."

चोराच्या उलट्या बोंबा, बाई मनात म्हणाल्या. त्यांनी मोबाईल काढून घेतला. घाम तसाच. खिसे तपासले, बादली उलटी करून पाहिली. काहीच सापडेना, तसा संशय आणखी पक्का झाला. कच्ची पोरं चिठ्ठी लपवतात, मुरलेली गिळतात.

"ताई, खोटं बोललं की रक्तदाब चढतो म्हणे," धाकट्या बहिणीने काडी टाकली.

बाईंनी सासूबाईंचं जुनं यंत्र काढलं. बाथरूमला जाण्याआधी मोजलं, ठीक. बाहेर आल्याबरोबर मोजलं, आकडा दोनशेला टेकलेला. मुद्दाम भांडण उकरून मोजलं, तर पुन्हा ठीक. गुन्हा सिद्ध झाला. बाईंनी नवऱ्याला डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं.

"हे काहीतरी लपवतायत. तुम्हीच वदवून घ्या."

डॉक्टर आधी हसले, मग बाईंनी मांडलेले आकडे ऐकून गंभीर झाले. "भांडणात चढत नाही, फक्त लघवीनंतर चढतो? नक्की?"

"मी स्वतः मोजलंय."

रक्त, लघवी, स्कॅन, सगळं झालं आणि लपवलेली वस्तू सापडली. मूत्राशयाच्या भिंतीत बोराएवढी गाठ.

"फार क्वचित दिसते ही," डॉक्टर म्हणाले. "मूत्राशय आवळलं की गाठ दाबली जाते. मग भीती वाटल्यावर रक्तात जे सुटतं, तेच ती सोडते."

"म्हणजे चोरी न करता चोराची लक्षणं," नवरा म्हणाला. "हे मला लिहून द्या."

बाईंना हसू आलं नाही. "कॅन्सर?"

"तसं दिसत नाही. पण ओळखल्याशिवाय हात लावला असता, तर ऑपरेशनच्या टेबलावरच रक्तदाब भडकला असता. आधी गोळ्यांनी तो आटोक्यात आणू, मग गाठ काढू."

गाठ निघाली. तपासणीत ती साधीच ठरली. नवरा घरी आला आणि पहिल्यासारखा गुणगुणत बाथरूममध्ये जाऊ लागला. बाई मात्र अजूनही यंत्र घेऊन दाराबाहेर उभ्या. आतला पाण्याचा आवाज थांबून कडी वाजेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असे.

"दंड पुढे करा."

ठीक. पुन्हा मोजलं, तरी ठीक.

"यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"बघू तरी," म्हणत नवऱ्याने पट्टा सोडवला आणि बाईंच्याच दंडाला गुंडाळला. आकडा चढला तो खाली यायचं नाव घेईना. नवरा आधी आकड्याकडे, मग बायकोच्या कपाळावरच्या घामाकडे बघत राहिला.

"मी आत होतो तेव्हा," त्याने हळूच विचारलं, "तू कुणाशी बोलत होतीस?"