चिटणीसांच्या घरचा दर्या आणि पाचमुखी प्रवाळ

श्रीजळदेवतेस साष्टांग नमस्कार करोन, जे डोळां देखिले आणि विश्वासू मुखें ऐकिले तेंच येथें लिहितों. अधिक लिहिलें तर दोष माझा, उणें राहिलें तर विसर माझा. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, भाद्रपद मासीं, येथील राज्याचे चिटणीस नरसोपंत यांचे घरीं ऐसें वर्तमान जाहालें कीं, त्यांचें कुटुंब अंबूबाई, ज्या राज्याच्या मोठ्या गलबतावर सारंग, म्हणजे गलबत हांकणाऱ्या मुख्य, होत्या, त्यांस सहा महिन्यांचे सफरीचा हुकूम आला. निघण्याचे आदले दिवशीं बाईंनीं परमुलुखीच्या सौदागराकडोन पाच मुखांचें जिवंत प्रवाळ आणविलें, आणि दिवाणखान्यांत काचेची टाकी होती, जींत त्यांनीं तीन वर्षें खपोन खडक, मासे, दिवा आणि पाणी फिरविणारा पंप ऐसा लहानसा दर्याच मांडिला होता, तींत आपले हातें बसविलें. मुखागणिक हिरवे झुबके, पाण्याबरोबर डोलत. पंतांनीं तसबीर काढिली. मग बाई बोलिल्या, "नवें आहे, बुजेल. सांभाळाल ना?" पंत बोलिले, "तुम्ही या तों दुप्पट करोन दाखवितों." आणि बाई गेल्या.

पंत राजाचे लेखणीचे मानकरी. लढाई हरली तरी खलित्यांत ऐसी लिहीत कीं वाचणारास गोड लागावी. परंतु टाकीचें काम त्यांनीं कधीं केलें नव्हतें. बाई गेलियावर घर मोठें वाटों लागलें, जेवावयास सवयीनें दोन ताटें मांडिलीं जात आणि एक उचलिलें जाई, आणि कचेरींतून आले कीं पंत काचेपुढें बसत, कारण बाईंनीं शेवटीं हात लाविलेली जिवंत वस्तु घरांत तेवढीच होती. आठवे दिवशीं प्रवाळ मिटलें. पंत घाबरले आणि त्यांनीं तें दिव्याजवळ उंच ठेविलें, मग खालीं आणिलें, मग दुसरे खडकावर नेलें, आणि टाकींतलें पाणी आटे तें रोज मिठाचें पाणी कालवोन भरून काढूं लागले. मनांत ऐसें कीं, दर्यास गोडें पाणी कसें घालावें? प्रवाळ पांढरें पडों लागलें आणि दोन मुखांचें मांस गळोन आंतलें हाड उघडें पडलें. इतक्यांत आश्विनांत गलबत बंदरीं लागलें आणि बाईंचा खलिता आला, "मी कुशल. प्रवाळाची तसबीर पाठवणें." पंतांनीं पहिले दिवसाची तसबीर धाडिली आणि खालीं लिहिलें, "प्रवाळ सुखरूप, दिवसेंदिवस तेज वाढतें आहे." ऐसें लिहोन दोन दिवस त्यांस अन्न गोड लागलें नाही.

मग शेजारची रुखमाय आगरीण, जिचा जन्म मिठागरांत गेला होता, ती भाकरी घेऊन आली, आणि टाकी पाहोन बोट बुडवोन जिभेस लाविलें आणि तोंड वांकडें केलें. "पंत, यात काय घालता?" "मिठाचें पाणी. आटतें तितकें भरतों." म्हातारी कपाळास हात लावोन बोलली, "अहो, वाफ होते ती पाण्याची. मीठ कुठं जातं? आमी असंच मीठ पिकवतो की!" पंतांनीं बाईंच्या पेटींतलें खारटपणा मोजण्याचें यंत्र काढिलें, तों पस्तीस असावें तेथें एक्केचाळीस निघालें. पंत बोलिले, "म्हणजे मीच मारिलें." रुखमाय बोलली, "रडा नंतर. आणि आता घाईनं गोडं ओतू नका, उरलंसुरलंही जाईल. रोज थोडं खारं काढा, थोडं गाळलेलं गोडं घाला." पंतांनीं तैसें केलें आणि पंधरा दिवसांत पाणी जाग्यावर आलें, प्रवाळ मात्र मिटलेलेंच.

कार्तिकांत बाईंचा जाब आला. "तसबीर पावली. प्रवाळ सुरेख आहे. परंतु काचेंत माझी जांभळी ओढणी दिसते, आणि मी तर दोन महिने दर्यावर आहें. खरें काय तें लिहा. मेलें असेल तरी लिहा." पंतांनीं लेखणी घेतली, आणि तीस वर्षांत प्रथमच अलंकार न घालतां लिहिलें, "दोन मुखें गेलीं. माझ्याच हातें गेलीं. कळविण्याचें धैर्य जाहालें नाही. घरीं करमत नाही." यावर पुढील बंदराहून जाब आला, "आश्विनांत मी कुशल लिहिलें, तें तेरा दिवस तापानें पडोन उठल्यावर. तुम्ही घाबराल म्हणोन लिहिलें नाही. आतां बरी आहें. प्रवाळ सावलींत, मंद प्रवाहांत ठेवा आणि मग हात लावूं नका. जागा हलली कीं त्यास पहिल्यापासून रुजावें लागतें." पंत ते तेरा दिवस आठवों लागले, एके दिवशीं तर ते नाटक पाहोन हंसत घरीं आले होते. त्या आठवणीनें त्यांस फार रडूं आलें.

मग पंतांनीं प्रवाळ खालीं सावलींत ठेविलें आणि हात मागें बांधोन बसूं लागले, आणि हेंच काम सर्वांत कठीण गेलें. मार्गशीर्षांत एका मुखांतून हिरवें टोक आलें. पंतांनीं पंप बंद करोन कोळंबीचा कण नळीनें समोर सोडिला, तों प्रवाळानें तो धरिला. पंत मोठ्यानें बोलिले, "अहो, जेवलें!" आणि घरांत ऐकावयास कोणी नव्हतें. माघांत तीन मुखें पूर्ण उघडलीं. पंतांनीं लिहिलें, "तीन राहिलीं." बाईंनीं लिहिलें, "तीन पुष्कळ. मजला आणखी चार महिन्यांचा हुकूम आला आहे." पंतांनीं सवयीनें 'चिंता न करणें' ऐसें लिहिलें, मग खोडिलें, आणि लिहिलें, "फार आठवण येते."

सारांश, पांचांतील दोन मुखें गेलीं, तीन वांचलीं. विश्वावसु संवत्सर लागलें, चैत्र सरत आला, बाई अद्याप दर्यावर. अलीकडे उघड्या हाडाचे कडेस पंतांस मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसतो. तो अंकुर कीं शेवाळ, हें त्यांस ओळखूं येत नाही. बाई येतील आणि सांगतील.